प्रति: आवाज बसला म्हणजे खर्राच?

भाऊ, वडिलांचा आवाज दोन महिन्यांपासून बसलाय आणि सगळे खर्र्याला (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाला) दोष देतात, असं लिहिलंत. खर्रा निर्दोष नाहीच, घशाची तपासणी आधी कराच. पण वावरातून येताना त्यांना धाप लागते हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला तेच खटकलं. डावी स्वरपट्टी हलवणारी नस (मज्जातंतू) छातीत उतरते आणि महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, कमानीखालून वळून वर येते. लहानपणीच्या सांधेतापानं हृदयाची झडप अरुंद झाली, की डावा कप्पा फुगतो, फुप्फुसाची धमनी ताणते आणि ती आणि महाधमनी यांच्या मधल्यामध्ये ही नस चेपते, मग आवाज बसतो. व्हिएन्नाच्या ऑर्टनर या डॉक्टरनं १८९७ मध्येच हे नोंदवलं. महाधमनीला फुगवटा आला तरी तसंच. दुर्मीळ आहे, खरं. पण घशाच्या दुर्बिणीच्या तपासणीत डावी स्वरपट्टी हलत नसेल तर छातीचा फोटो आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) काढून घ्या. सेवाग्रामचं किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, जे जवळ पडेल ते.