आसगावचं ८,४०० रुपयांचं जाकीट : पैसे रंगाचे की नावाचे?

सुरंगी (फोंडा)
परवा म्हापशाला काम होतं, तिथून मैत्रिणीने आसगावला ओढून नेलं. पोर्तुगीज काळातल्या घराचं दुकान केलेलं, बाल्कांवावर, म्हणजे पुढच्या सोप्यावर, कॉफी, आत कपडे. लेबलाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे एक सुती जाकीट दिसलं. पोपटीवर राणी रंगाची बोगनवेल, बाह्या केशरी, आणि कॉलर उलटली की आत भलताच निळा. अंगात घातलं आणि आरशासमोरून हलवेना. चिठ्ठीवर ८,४००. गुपचूप टांगून आले. आई म्हणते, एवढ्यात माटोळीसकट (गणपतीच्या वर टांगायची फळं-भाज्या) चवथीचा सगळा बाजार होतो. पण दोन रात्री झाल्या, जाकीट काही डोक्यातून जात नाही. असल्या भडक रंगांच्या लेबलांना एवढे पैसे मोजावेत का?

शुक्रवारचा_बाजार (म्हापसा)
आधी तुमच्या आईला दंडवत. अडीच मीटर छापील सुती कापड, मीटरला तीनशे धरा. आमच्या गल्लीतला शिंपी जाकिटाचे नऊशे घेतो, रुसला तर हजार. दोन हजारांच्या आत काम फत्ते. वरचे साडेसहा हजार त्या कॉफीच्या वासाचे.

कापडचोपड (मडगाव)
भाऊ, हा हिशेब दर वेळी येतो आणि दर वेळी अर्धाच असतो. मी कापड छपाईत बरीच वर्षं काढली आहेत. ती बोगनवेल कुणीतरी बसून काढली आहे, तिचा जोड बसवला आहे, म्हणजे चित्र कापडभर पुन्हा पुन्हा येताना सांधा दिसू नये म्हणून डोकं खाजवलं आहे. स्क्रीनने, म्हणजे जाळीच्या चौकटीने, छापायचं तर प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, नऊ रंगांना नऊ. एक किंचित सरकली की फुलाला सावली येते आणि तो माल बाजूला पडतो. हा खर्च हजारो मीटर छापणाऱ्याला जाणवत नाही, चाळीस जाकिटं काढणाऱ्याच्या मात्र मानेवर बसतो. आणि तुमचा शिंपी खिसा लावताना खालचं फूल वरच्या फुलाशी जुळवतो का? जुळवायचं तर कापड जास्त लागतं, वेळ दुप्पट.

शुक्रवारचा_बाजार
नाही जुळवत. पण खिशावरचं फूल बघायला माझ्याकडे येतंय कोण!

अबोली (डिचोली)
रंगीत कपडा म्हणजे थिल्लर, हे आधी डोक्यातून काढा. फिनलंडच्या मारिमेक्को या छापील कापडाच्या कंपनीचं उदाहरण घ्या. कंपनी १९५१ ची. मालकीणबाई आर्मी रातिया यांनी फुलांची डिझाइनं नकोत असं बजावलं होतं, तरी त्यांच्याच डिझायनर माइया इसोला यांनी १९६४ मध्ये ते मोठं खसखशीचं फूल काढलंच. ते आजही विकलं जातंय. चांगलं चित्र जुनं होत नाही. आठ हजारांचं जाकीट दहा वर्षं घातलं तर वर्षाला आठशेच की.

मिरगाचा_पाऊस (पेडणे)
अबोलीताई, उदाहरण तुमचंच, पण ते तुमच्यावरच उलटतं. त्यांनी साठ वर्षं एकच फूल विकलं. आपल्याकडची ही लेबलं दर मोसमात नवं कलेक्शन काढतात आणि गेल्या मोसमातलं अर्ध्या किमतीला लावतात. मग खरी किंमत कुठली समजायची?
आणि दहा वर्षं म्हणता, ती गोव्यात? इथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालासुद्धा बुरशी धरते. मी अशाच एका लेबलाचा (नाव नको) लाल-पिवळा सदरा घेतला होता. पहिल्याच पावसात भिजलो, लाल पिवळ्यात उतरला आणि बनियान गुलाबी. दुकानवाले म्हणाले, ड्रायक्लीन करायचं होतं. पावसाला सांगू का, ड्रायक्लीन पड म्हणून?

कापडचोपड
हे मात्र तुमचं खरं. एवढे पैसे घेऊन रंग जात असेल तर त्याला माफी नाही. घेण्याआधी पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर जरा चोळून बघायचा. रुमाल रंगला तर सरळ बाहेर पडायचं.
आणखी एक, माझ्याच बाजूच्या विरुद्ध जाणारं. डिजिटल छपाईला स्क्रीन लागतच नाहीत, दोन रंग काय नि वीस काय, मीटरचा खर्च जवळपास सारखाच. तेव्हा "इतके रंग आहेत म्हणून महाग" असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, छापलंय कशावर?

अबोली
सरकारचा वाटाही धरा हं. सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांवरच्या कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे. ८,४०० मधले साधारण १,२८० तिकडेच गेले.

तळपण (काणकोण)
माझं दुखणं वेगळंच आहे. कुणबी बायकांचा तांबडा चौकडा पिढ्यान्‌पिढ्या शेतात चिखलात उभा होता, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी ते चौकड्याचं लुगडं पुन्हा विणून घेतलं, रॅम्पवर नेलं, मग ते आपल्याला देखणं दिसायला लागलं. त्यांना दोष देत नाही, त्यांच्यामुळे ते वाचलं. दोष आपल्या डोळ्यांचा. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लमाणी बाई आरसे लावलेली, हाताने टाके घातलेली गोधडी घेऊन बसते. तिने अडीच हजार सांगितले की आपण हजारावर येतो, वर अर्धा तास घासाघीस करतो. आसगावला मात्र कार्ड पुढे करतो आणि थँक्यू म्हणतो. बाई ८,४०० द्या की, पण मग बुधवारीही घासाघीस करू नका.

शुक्रवारचा_बाजार
तळपणभाऊ, लागलं. मी स्वतः असंच करतो.

अबोली
पण म्हणून आसगाववाल्याने किंमत उतरवायची हे काही पटत नाही. लमाणी बाईची चढू द्या.

सुरंगी
काल परत गेले होते, पर्समध्ये ओला रुमाल घेऊन. (दुकानातली मुलगी विचित्र बघत होती.) पोपटीवर चोळला, काही नाही. केशरी बाहीवर चोळला, फिकट डाग. छपाई डिजिटल आहे, हे तिने न लपवता सांगितलं. खिसा मात्र शोधावा लागला. हात घातला तेव्हा कळलं की इथे खिसा आहे, वेलीचं देठ या कापडावरून त्या कापडावर असं गेलंय की सांधा नखालाच लागतो, डोळ्याला नाही. तो खिसा बघून पाच हजारांपर्यंत मन तयार झालं होतं. ८,४०० ला नाही झालं. परत टांगलं. मागे वळून बघते तर मैत्रीण तेच अंगात घालून आरशासमोर.

शुक्रवारचा_बाजार
तिला रुमाल दाखवला की नाही?

सुरंगी
दाखवला. म्हणाली, बाह्या दुमडून घालीन.