‘पिंग पाँग’ बघून मेहनतीचे डोस पाजू नका

फोंड्याचा पंच: काल इथे कुणीतरी सल्ला दिला, टेबल टेनिसवरचा २००२ चा जपानी सिनेमा ‘पिंग पाँग’ मुलांना दाखवा, मेहनतीपुढे प्रतिभा हरते हे कळेल. सिनेमा शेवटपर्यंत बघितला की झोप लागली? त्यातल्या खेळाडूंत सगळ्यांत जास्त घाम गाळतो अकुमा. नायक पेकोला हरवतो, मान्य. पण पेकोचा मित्र स्माइल त्याला धुऊन काढतो आणि वर तोंडावर सांगतो, तुझ्यात तो गुणच नाही. मेहनत कुठे कमी पडली?

म्हापसेकर: ‘कुणीतरी’ काय, नाव घे ना! मीच लिहिलं. खेळ सोडलेला पेको आयता परत येतो का? टेबल टेनिसचा हॉल चालवणाऱ्या ओबाबाकडे पहिल्यापासून धडे गिरवतो. मुलांना अकुमा दाखवून काय सांगू, रॅकेट ठेवा आणि घरी बसा?

साखळीची माई: मला त्या स्माइलचाच राग येतो. हातातली मॅच चिनी खेळाडू कोंगला दयेपोटी सोडतो. याला मैत्री, चांगुलपणा म्हणायचं? माझा चुलतभाऊ मला असेच पॉइंट सोडायचा. कळलं त्या दिवशी मी त्याच्याशी खेळणं बंद केलं. आजही चतुर्थीला एका पंगतीत बसतो, विषय कुणी काढत नाही.

वास्को लोकल: मैत्री, प्रतिभा राहू द्या. गोव्यात प्रेरणा एकच, दहावीचे क्रीडागुण. पुतण्याला गुण मिळाले, रॅकेट माळ्यावर गेली. परवा काढली तर रबर सुटून हातात आलं.

साखळीची माई: क्रीडागुणांना नावं ठेवू नका हां! माझी मुलगी पहाटे उठून ताळगावला जायची. वर्ग बुडतात ते कोण भरून देणार, तुम्ही?

वास्को लोकल: म्हणजे गुणांसाठीच पाठवलंत. मी तेच म्हणतोय.

साखळीची माई: तुमच्या पुतण्याची रॅकेट गुणांनी नाही, अकरावीच्या ट्यूशननी माळ्यावर चढवली. फी कोणी भरली ते घरात विचारा. २०२३ मध्ये डब्ल्यूटीटीची (वर्ल्ड टेबल टेनिसची) स्पर्धा ताळगावला झाली, जगातले खेळाडू दारात आले. नेलं होतं त्याला बघायला?

वास्को लोकल: त्या आठवड्यात त्याची युनिट टेस्ट होती.

साखळीची माई: झालं तर मग!

म्हापसेकर: अरे, सिनेमावर या. पंच, अकुमाचं तुझं बरोबर, घे, खूश? पण खेळ सोडून बसलेल्या पेकोला परत खेळायला सांगायला कोण येतो? तोच हरलेला अकुमा. ते कुठल्या गुणात धरतोस?

फोंड्याचा पंच: हे काल लिहिलं असतंस तर मी एवढं टंकलंच नसतं. तू लिहिलंस ‘मेहनत करा’. आणि क्रीडागुणवाल्यांनो, वेगळा धागा काढा, बाबांनो.

वास्को लोकल: काढतो. माई, तिथे या.