विकत घेतलेला गेम नक्की कोणाचा, आणि ८० हजारांत कॉम्प्युटर कसा जुळवावा?

रामबागकर (इंदूर):
नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करणार आहोत. मॉनिटर सोडून साधारण ८० हजार रुपये हाताशी आहेत आणि सुटे भाग सिल्व्हर मॉलमधून घ्यायचे ठरले आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात पैसे भरताना मात्र आपल्याला गेमचा फक्त परवाना मिळतो, अशी सूचना दिसते. गेम वर्षानुवर्षे आपल्याकडे राहावेत अशी इच्छा असेल तर ते कोठून घ्यावेत, आणि त्यानुसार कॉम्प्युटरच्या जुळणीत काही बदल करावा लागतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुदामानगर४५२:
आपली शंका रास्त आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ सालचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण किंमत मोजली होती त्यांच्याही हाती काही उरले नाही. माझ्या मते हा ग्राहकावर सरळसरळ अन्याय आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, केवळ परवाना मिळत आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याला ‘खरेदी’ असा शब्द वापरता येत नाही. मात्र जी वस्तू कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते, तिला हे बंधन नाही. जीओजी या संकेतस्थळावरचे गेम याच प्रकारचे असतात. त्यांची इन्स्टॉलर फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवली की पुढे कोणाची परवानगी लागत नाही. म्हणून वेगवान एसएसडीच्या जोडीला मोठी साधी हार्ड डिस्क जरूर घ्या, कारण ‘बाल्डर्स गेट ३’सारखा एकच गेम १५० जीबी जागा मागतो.

वडोदऱ्याचा_निखिल:
तत्त्व मान्य आहे, पण स्टीमला सरसकट नाकारू नये असे मला वाटते. तेथील काही गेमना कसलेही कुलूप नसते आणि ते स्टीम बंद असतानाही फोल्डरमधून थेट चालतात. शिवाय स्टीम फॅमिलीजमुळे एका घरातील सहा जणांपर्यंत गेम वाटून घेता येतात. एकच गेम दोघा भावांना एकाच वेळी खेळायचा असेल तर मात्र दोन प्रती घ्याव्या लागतील. कथानकाचे, पुन्हा पुन्हा खेळावेसे वाटणारे गेम जीओजीवर मिळत असतील तर तेथूनच घ्यावेत. ऑनलाइन सामन्यांच्या गेमचे आयुष्य तसेही सर्व्हरवर अवलंबून असते, त्यामुळे त्यांवर बेताने खर्च करावा.

टिळकपथ_हार्डवेअर:
जुळणीबद्दल सांगतो. मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवण्याची खाच) घ्या. आधीच्या एएम४ची पुण्याई अशी की २०१७ मधल्या अनेक बोर्डांवर बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसवता आला. एएम५लाही २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे रायझन प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने जाहीर केले आहे. सध्या रायझन ५ ७६०० पुरेसा आहे. ग्राफिक्स कार्ड घेताना खोक्यावरची मेमरी स्वतः वाचा, कारण आरटीएक्स ५०६० टीआय याच नावाखाली ८ जीबी आणि १६ जीबी अशी दोन कार्डे विकली जातात आणि दुकानातल्या कोटेशनवर बरेचदा नुसते नाव लिहिलेले असते. गेम बरीच वर्षे जपायचे असतील तर १६ जीबीचाच आग्रह धरा. एसएमपीएसमध्ये, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, काटकसर करू नका. नामांकित कंपनीचा ६५० वॉटचा घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा कॅबिनेट समोरून जाळीचे असावे आणि त्याची धुळीची गाळणी काढून धुता येणारी असावी. बिल पक्के घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या; वॉरंटीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

रामबागकर (इंदूर):
सर्वांचे मनापासून आभार. रॅमचे भाव चढल्यामुळे १६ जीबीचे कार्ड घेतल्यास बजेट ओलांडले जाते. मग काटकसर कोठे करावी?

टिळकपथ_हार्डवेअर:
रॅममध्ये करा. आता १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि बोर्ड चार स्लॉटचा निवडा. एका पट्टीमुळे वेग थोडा कमी मिळेल, पण भाव उतरल्यावर तशीच दुसरी पट्टी पाच मिनिटांत बसते. कमी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड मात्र नंतर वाढवता येत नाही, ते विकूनच टाकावे लागते.