लोकलमध्ये ऐकायला डोक्याला खाद्य देणारं काय आहे?

बदलापूर_फास्ट
रोज बदलापूर ते सीएसएमटी, जाऊन येऊन तीन तास सहज जातात. गर्दीत पुस्तक उघडायची सोय नाही, गाणी तीच तीच झालीत. यशस्वी कसं व्हायचं छापाचे पॉडकास्ट नकोत. इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान काहीही चालेल पण गाडीतून उतरल्यावरही डोक्यात घोळत राहिलं पाहिजे. मराठी असेल तर उत्तमच, इंग्रजीही चालेल.

ठाणेकर
डोळे झाकून बीबीसीचं 'इन अवर टाइम' घे. १९९८ पासून चालू आहे, एक विषय, तीन अभ्यासक आणि साधारण पाऊण तास. मेल्विन ब्रॅग २०२५ पर्यंत चालवायचे, पाहुणा भरकटायला लागला की लगेच मुद्द्यावर आणायचे, म्हणून ऐकताना लक्ष सुटत नाही. जुने सगळे भाग फुकट आहेत. उभ्याने प्रवास असेल तर 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स' बघ, २०१० ची मालिका, भाग जेमतेम पंधरा मिनिटांचे, प्रत्येकात ब्रिटिश म्युझियममधली एक वस्तू. सिंधू संस्कृतीची मुद्रा आणि अशोकाच्या स्तंभाचा तुकडा हे दोन भाग आधी ऐक.

शब्दवेडी
मराठी म्हणत असशील तर पॉडकास्टच्या आधी व्याख्यानं शोध. यूट्यूबवर शिवाजीराव भोसले, राम शेवाळकर, नरहर कुरुंदकर यांची रेकॉर्डिंग्ज आहेत. आपल्याकडे पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची, म्हणजे माईकच्याही आधीची, तेव्हा हजारभर लोकांना नुसत्या आवाजावर धरून ठेवायची कला इथे मुरलेली आहे. हे वक्ते मुद्दा मांडतात, थांबतात, वेगळ्या शब्दांत परत सांगतात, त्यामुळे मधे कुणी धक्का दिला नि दोन वाक्यं हुकली तरी धागा तुटत नाही. व्हिडिओसाठी केलेल्या गप्पांचं तसं नाही, तिथे निम्मं काम चेहरे करतात. कुरुंदकर मात्र सकाळीच ऐक, संध्याकाळी दमल्यावर त्यांचा युक्तिवाद झेपत नाही. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर असते, कान सरावतो.

हिंजवडी_बस
अमित वर्मांचं 'द सीन अँड द अनसीन' राहिलं की! एकेक भाग तीन-चार तासांचा, कधी त्याहून मोठा. लांबी बघून घाबरू नकोस, तुकड्या-तुकड्यात आठवडाभर पुरतो. पहिल्या तासाभरात पाहुण्याचं बालपण, गाव, वाचन येतं आणि मग त्याची मतं कुठून आली ते कळतं. मी कंपनीच्या बसमध्ये ऐकतो. टू-व्हीलरवर मात्र कानात काहीही घालू नये, हे कळकळीने सांगतोय.

बदलापूर_फास्ट
वा, मस्त! उद्या भोसले सरांपासून सुरुवात. पण मधे मधे नेट जातं, यूट्यूबचं काय करू?

शब्दवेडी
रात्री वायफायवर यूट्यूबमध्येच डाउनलोड करून ठेव. स्क्रीन बंद करून ऐकायला प्रीमियम लागतं, नाहीतर फोन चालू ठेवून खिशात जपून ठेवावा लागेल. इन अवर टाइमला तो प्रश्न नाही, कुठल्याही पॉडकास्ट अ‍ॅपमध्ये आधी उतरवून घेता येतं.