संदर्भसंख्या मोजताना बिअट्रिस टिन्सली आठवावी

ज्याचा एच-इंडेक्स (संदर्भांवरून संशोधकाचं काम मोजणारा आकडा) जास्त तो दीर्घिकांचा (गॅलक्सींचा) मोठा अभ्यासक, हा तुमचा मुद्दा मला पटत नाही. २० शोधनिबंधांचा इतरांनी प्रत्येकी किमान २० वेळा संदर्भ दिला की हा आकडा २०. तो निबंधांच्या संख्येपलीकडे जाऊच शकत नाही, म्हणजे आयुष्य अपुरं पडलं की संपलं.

न्यूझीलंडमध्ये वाढलेली खगोलशास्त्रज्ञ बिअट्रिस टिन्सली १९८१ मध्ये कर्करोगाने गेली, अवघ्या ४०व्या वर्षी. तेवढ्यात सुमारे शंभर निबंध! १९६८ च्या निबंधात तिने दाखवलं की तारे म्हातारे होतात तसा दीर्घिकेचा रंग आणि तेज दोन्ही बदलतं. लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश पोचायला वेळ लागतो, म्हणून ती आपल्याला तरुणपणीची दिसते. म्हणजे ती जवळच्यासारखीच धरून विश्वाचं मोजमाप केलं तर गणित चुकणार. आज दीर्घिकेच्या रंगावरून तिचं वय काढतात, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

दुसरीकडे श्लेगेल, फिंकबायनर आणि डेव्हिस यांचा १९९८ चा धुळीचा नकाशा बघा. आपल्या आकाशगंगेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, त्यामुळे पलीकडची दीर्घिका आहे त्याहून तांबूस दिसते. ती दुरुस्ती जवळजवळ प्रत्येकाला करावी लागते, म्हणून या निबंधाचे संदर्भ दहा हजारांच्या पुढे गेलेत. काम अस्सलच आहे, पण तो आकडा मुख्यतः वापराचा आहे.

किती तेजाच्या किती दीर्घिका असतात हे सांगणाऱ्या शेक्टरच्या १९७६ च्या सूत्राचं तर नुसतं नाव घेतात. मूळ निबंधाचा संदर्भ कित्येकदा देतच नाहीत. ते कुठे मोजणार?