राहण्यायोग्य शहरांची क्रमवारी: तिला किती भाव द्यायचा?

सिंहगडरोडकर
मंडळी, ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाने १११ शहरांचा 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांक काढला. पुणं पहिलं, नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी. पुढच्याच वर्षी, २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यातला आंबील ओढा फुगला आणि टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसची (गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची) साथ आली. विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून नळाला येत होतं. त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी पाणी उकळायच्या, गाळायच्या आणि धीर होईना म्हणून परत उकळायच्या.

नांदेड, किरकटवाडी २०२१ मध्ये महापालिकेत आली. म्हणजे कागदावर आम्हीही पुणेच. कोथरूडच्या आणि किरकटवाडीच्या नळाची सरासरी काढून तयार झालेला क्रमांक नेमका कुणाचा? माझ्या मते अशा याद्यांना अर्थ नाही.

कराडची लेक
अजिबात पटलं नाही. स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये एक लाखाच्या आतल्या शहरांत आमचं कराड देशात पहिलं आलं. दुसरं सासवड, तिसरं लोणावळा, तिन्ही आपलीच. घंटागाडीवरच्या ताईंनी आमच्या आईची ओल्या कचऱ्याची बादली एकदा भरल्या गल्लीत परत केली होती, वर दुधाची पिशवी दिसली म्हणून. आई चिडली, पण दुसऱ्या दिवसापासून दोन बादल्या वेगळ्या. नंबर टिकवायचा नसता तर एवढा कडकपणा कुणी केला असता? छोट्या गावांकडे एरवी कोण बघतं? या यादीमुळे आमच्याकडे बघितलं गेलं.

आकडेमोड
एका नगरपालिकेसाठी असे तक्ते भरायचं काम मी केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो. 'नळजोडणी असलेली घरं किती टक्के' हा रकाना झोकात भरला जातो. पाणी दिवसाआड तासभर येतं हे दुसऱ्या रकान्यात जातं. सरकारचाच मापदंड माणशी रोज १३५ लिटर आणि २४ तास पुरवठा असा आहे. पण दोन्ही रकाने एका बेरजेत गेले की तहान दिसेनाशी होते.

आणि भारांक बघा. २०१८ च्या त्याच निर्देशांकात भौतिक सुविधांना १०० पैकी ४५ गुण होते आणि आर्थिक बाजूला फक्त ५. लातूरचा, बीडचा पोरगा पुण्यात येतो तो कामासाठी, आणि तिथे कामधंद्याला ५ गुण! त्या वेळी दिल्ली ६५ वी होती. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या यादीत ती थेट १३ वी. मधल्या काळात दिल्लीची हवा सुधारली नव्हती. निकष आणि शहरांचे गट बदलले होते.

डॅन्यूबकाठी
मी व्हिएन्नात राहतो, म्हणून इकडचं सांगतो. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं व्हिएन्ना पहिलं. २०२५ मध्ये कोपनहेगन वर गेलं, कारण २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका मोठ्या मैफिलीवर हल्ल्याचा कट उघडकीला आला आणि स्थैर्याचे गुण घटले. आमच्या ट्राम, दवाखाने, घरं होती तशीच आहेत.

इथली मोठी गोष्ट म्हणजे घरभाडं. शहरातले जवळपास निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीने बांधलेल्या घरांत राहतात. शाळाशिक्षक, ट्रामचालक, नर्स शहराच्या आतच राहू शकतात. इकॉनॉमिस्टच्या त्या यादीत घरांची उपलब्धता धरतात, पण राहणीखर्च धरत नाहीत. कारण परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला किती जादा भत्ता द्यायचा, हे ठरवायला कंपन्या ती वापरतात. त्या कामाला ती ठीक आहे. तिथल्या ट्रामचालकाचं जगणं तिला विचारू नये. पण म्हणून 'अर्थच नाही' हे सिंहगडरोडकरांचं म्हणणं मला टोकाचं वाटतं.

सिंहगडरोडकर
@कराडची लेक, तुमच्या कराडचं मनापासून कौतुक आहे. पण तिथे एकच गोष्ट मोजली, कचरा. तो उचलला की नाही, वेगळा केला की नाही, हे डोळ्यांनी दिसतं. शाळा, पाणी, रस्ते, नोकऱ्या, सुरक्षितता एका आकड्यात कोंबली की वाईटावर चांगल्याचं पांघरूण पडतं. साथीच्या वेळी पुण्याचा क्रमांक वाचून आम्हाला काय कळणार होतं? आम्हाला हवा होता आमच्या विहिरीच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल.

माहेर नाशिक
तुम्हा सगळ्यांच्या बोलण्यात फुटपाथ कुठेच नाही. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. त्यांच्यासाठी शहर म्हणजे घरापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता. तिथे आता गाड्या लागतात, त्यामुळे त्या घराबाहेर पडणंच टाळतात. बदलीचं गाव निवडताना मी एकही यादी उघडली नाही. संध्याकाळी सात वाजता त्या भागात जाऊन बायका, म्हातारी माणसं रस्त्यावर दिसतात का ते बघितलं.

कराडची लेक
@माहेर नाशिक, हे तुम्ही स्वतः जाऊन बघू शकलात. ज्याला दोन दिवसांत हजर व्हायचंय त्याने काय करायचं?

@सिंहगडरोडकर, एकच आकडा पुरत नाही, इतपत मान्य. मग तुम्हाला नक्की काय हवंय?

सिंहगडरोडकर
प्रभागवार आकडे. पाण्याच्या नमुन्यांचे निकाल, पाणी किती तास येतं, दर महिन्याला वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा. शहराचा नंबर नाही लावला तरी चालेल.

कराडची लेक
लावतील हो. पण शेजारचा प्रभाग आपल्या पुढे आहे हे दिसल्याशिवाय त्या फलकापुढे कोण थांबणार? म्हणजे क्रमवारी आलीच की, फक्त प्रभागांची.

सिंहगडरोडकर
तशी असेल तर माझी काही हरकत नाही.