जावातल्या खेड्यात अर्ध्या एकरावर घर कसं चालतं?

वैनगंगाकाठ:
माझं गाव भंडारा जिल्ह्यातलं, घरची धानाची शेती. पुतण्या शेतीच्या पुढच्या शिक्षणासाठी इंडोनेशियात गेलाय. आता सहा महिने जावा बेटावरच्या क्लातेन जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणार आहे. फोटो पाठवतो तर डोळे निवतात. मागे मेरापी ज्वालामुखी, पुढे बांध्याच बांध्या. पण परवा फोनवर म्हणाला, काका, इथे अर्धा एकरवालाही शेतकरीच. आमच्याकडे पाच एकरवाल्याचं भागत नाही. मग ही माणसं खातात काय, लेकरं शिकवतात कशी? तिकडे राहिलेल्या कुणी सविस्तर सांगितलं तर बरं होईल. पोराने गावात वागावं कसं, तेही सांगा.

मंगळवेढेकरीण:
दादा, माझे यजमान सोलो शहराजवळच्या सूतगिरणीत आहेत आणि आम्ही देलांगूच्या बाजूला गावातच भाड्याने राहतो. देलांगू क्लातेनमध्येच येतं, म्हणजे तुमचा पुतण्या आमच्याच मुलखात आलाय.

अर्धा एकर ही गोष्ट खरी आहे. सव्वा एकराच्या आतल्या शेतकऱ्यासाठी सरकारी गणनेत वेगळा वर्गच आहे आणि जावावर बहुतेक शेतकरी त्यातच मोडतात. पण जमीन ज्वालामुखीच्या राखेची, पाणी झऱ्यांचं आणि बारमाही. त्यामुळे इथे वर्षाला भाताची तीन पिकं निघतात. एका बांधीत चिखलणी, शेजारच्या बांधीत रोवणी आणि पलीकडे कापणी, हे एकाच सकाळी दिसतं.

तरी नुसत्या भातावर घर चालत नाही. माझ्या शेजारच्या घराचंच सांगते. बाप शेती बघतो आणि रिकाम्या दिवसांत गवंड्याच्या हाताखाली जातो. आई पहाटे पेचेल करून विकते, म्हणजे उकडलेल्या पालेभाज्यांवर शेंगदाण्याची तिखट चटणी. थोरला बोयोलाली जिल्ह्यातल्या कपड्यांच्या कारखान्यात. मुलगी तैवानात एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते, घरातल्या फरशा तिच्याच पैशाच्या. घरामागच्या परसात नारळ, केळी, पपई, कसावा, मिरच्या, चार कोंबड्या. रोजच्या जेवणात भात, तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, नारळाच्या रसातली भाजी आणि सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. मांस-मटण सणाला किंवा कुणाच्या घरच्या स्लामेतानला, म्हणजे दुवा करून शेजाऱ्यांना घातलेल्या जेवणाला.

आता जे फोटोत दिसत नाही ते सांगते, कारण मला ते फार लागतं. पूर्वी भात पिकलं की गावातली कुणीही बाई कापायला यायची. हातात आनी-आनी, म्हणजे तळहातात मावणाऱ्या फळीत बसवलेलं छोटं पातं. त्याने एकेक लोंबी खुडायची आणि खुडलेल्यातला ठरलेला वाटा, बावोन, घरी न्यायचा. ज्यांना जमीन नाही त्यांच्या घरी वर्षाचे तांदूळ असे यायचे. १९७०च्या दशकात बुटक्या, लवकर येणाऱ्या जाती आल्या, त्यांना विळा लागतो. सोबत तेबासानही पसरलं. व्यापारी मोटारसायकलवर येतो, बांधावरून चालतो, एखादी लोंबी ओढून तळहातावर चोळतो, दाणे बघतो आणि उभ्या पिकाचा सौदा करून विसार देतो. कापायला टोळी त्याचीच. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा येतो, आणि अर्धा एकरवाल्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही, त्यालाही खताची उधारी फेडायची असते. पण गावातल्या भूमिहीन बायकांचा वाटा गेला तो गेलाच. आमच्या गल्लीतल्या म्बाह, म्हणजे आजी, सत्तरी कधीच ओलांडलेल्या, टोळी निघून गेल्यावर रिकाम्या बांधीत सरवा वेचतात. भिजलेल्या चिखलातून एकेक लोंबी उचलून कमरेच्या सेलेंदांगमध्ये, म्हणजे ओढणीसारख्या लांब कापडात, टाकतात आणि अंगणात ताडपत्रीवर वाळवतात. हिरवाईचं कौतुक ऐकलं की मला त्या आठवतात.

कीडमित्र:
भातावरच्या किडींवर काम करतो म्हणून थोडी भर. तीन पिकं ही या भागाची ताकद आहे आणि दुखणंही. शेत कधी रिकामं राहत नाही, त्यामुळे तपकिरी तुडतुड्यांना, म्हणजे भाताचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांना, बारा महिने पंगत. भंडाऱ्याच्या माणसाला तुडतुडे काय करतात ते सांगायला नको, जळाल्यासारखी शेतं होतात. इंडोनेशिया १९८४ साली तांदळात स्वयंपूर्ण झाला आणि दोनच वर्षांत तुडतुड्यांनी ते धोक्यात आणलं. फवारणीने तुडतुड्यांना खाणारे कोळी मरत होते आणि तुडतुडे वाढत होते. १९८६ साली राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी झाली. १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या. शेतकरी दर आठवड्याला बांधीत उतरून कोळी आणि तुडतुडे मोजायचे, चित्र काढायचे आणि मग फवारायचं की नाही ते ठरवायचे. आपल्याकडच्या शेतीशाळांचं मूळ तिथेच आहे. पुढे शिस्त सैल झाली आणि २०१०-११ मध्ये क्लातेनलाच जबर फटका बसला. पुतण्याला म्हणावं, जुन्या शेतशाळेतला एखादा म्हातारा शेतकरी शोधून काढ.

वैनगंगाकाठ:
ताई, सरव्याचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही हार्वेस्टर आल्यापासून तेच. एक विचारतो, त्या आजींसारख्यांना मग गाव सांभाळतं का? आणि तिकडे आमच्या चिन्नोरसारखं वासाचं धान आहे का?

मंगळवेढेकरीण:
धान आहे ना! देलांगूचा रोजोलेले. उंच वाढतो, वास सुंदर, पण शेतात पाच महिने अडकतो, म्हणून लोकांनी सोडत आणला होता. आता त्यातूनच काढलेली कमी उंचीची, लवकर येणारी स्रीनुक जात जिल्ह्यात लावतात. मी तोच तांदूळ घेते.

गाव सांभाळतं, पण चिमटी-चिमटीने. प्रत्येक घराच्या दाराशी एक डबी टांगलेली असते. तिच्यात रोज चिमूटभर तांदूळ टाकायचे, हल्ली बरेच जण नाणं टाकतात. रात्री गस्तीचे पुरुष ते गोळा करतात. याला जिंपितान म्हणतात. त्यातून आजाऱ्याला मदत होते, मयतीचा खर्च निघतो, गल्लीच्या खुर्च्या-ताटल्या येतात. बायकांची आरिसान म्हणजे आपली भिशीच. कुणी गेलं तर मशिदीच्या भोंग्यावरून नाव सांगतात आणि तासाभरात सगळी गल्ली तिथे. बायका तांदूळ-साखर घेऊन जातात, पुरुष कबर खणायला. तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी दुवा आणि जेवण, शेवटचं हजाराव्या दिवशी. म्बाहंच्या घराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा गल्लीने एका रविवारी कौलं उतरवून पुन्हा चढवली, मजुरी कुणी घेतली नाही. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. पण छप्पर शाकारून मिळतं म्हणून वर्षाचे तांदूळ मिळतात असं नाही, आणि म्हणूनच त्या अजून चिखलात उतरतात.

वागण्याचं म्हणाल तर पहिल्याच दिवशी गल्लीप्रमुखाकडे, म्हणजे पाक आरटीकडे, जाऊन नोंद करायची. पाहुणा रात्री राहिला तर चोवीस तासांत कळवायचं असतं, त्याने स्वतःहून पासपोर्टची प्रत दिली तर घर लवकर आपलं म्हणेल. चपला दाराबाहेर. देणं-घेणं उजव्या हाताने. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना थोडं वाकून जायचं. पुढे आलेला चहा गोडमिट्ट असतो, घोटभर तरी घ्यायचा. मोठ्यांशी आदराची जावानीज वेगळीच असते, ती येईपर्यंत इंडोनेशियन बोललेलं चालतं. मांसाहार करत नसेल तर आधीच सांगू द्या, तेंपे-तोफूवर कुणालाही उपाशी राहावं लागत नाही.

आणि अभ्यासासाठी गेलाय तर एक नक्की सांगा. कापणीच्या दिवशी टोळीत कोण कापतंय ते लिहून घेईलच, त्याच दिवशी गावातल्या कुठल्या बायका कापायला नाहीत, त्यांची नावं पाक आरटीच्या बायकोला विचारून त्यांच्या घरीही जाऊन यावं. आमचं घर देलांगूच्या बाजारापासून जवळ आहे, व्यक्तिगत निरोप धाडा, पत्ता कळवते. एखाद्या रविवारी पिठलं-भाकरीला येऊ दे त्याला, ज्वारीचं पीठ आहे माझ्याकडे.